जेथे होकायंत्र मुके होते

किनारा दिसेनासा झाला, आकाशातील तारे मेघांनी झाकले गेले, तरी होकायंत्रातील लहानशी सुई खलाशाला उत्तर दिशा दाखवीत असते. तिच्या भरवशावर दर्यावर्दी लोकांनी महासागर ओलांडले. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही प्रदेश आहेत, की जेथे हा विश्वासू सोबती प्रथम अडखळू लागतो आणि अखेर अगदी मुका होतो.

इ. स. १८१९ च्या ऑगस्ट महिन्यात विल्यम एडवर्ड पॅरी या इंग्रज कप्तानास हा अनुभव आला. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रातून पॅसिफिक महासागराकडे जाणारी वाट शोधण्यासाठी तो ‘हेक्ला’ व ‘ग्रायपर’ ही दोन जहाजे घेऊन निघाला होता. जसजशी जहाजे पश्चिमेकडे सरकू लागली, तसतशी सुई मंदावत गेली. पृथ्वीच्या ओढीपेक्षा जहाजावरील लोखंडाचीच ओढ तिला अधिक जाणवू लागली. शेवटी पॅरीने होकायंत्रांच्या पेट्या उचलून अडगळीप्रमाणे सुताराच्या कोठीत ठेवून दिल्या. पुढे दाट धुके पसरले व सूर्यही दिसेना. तेव्हा खलाशांनी एक युक्ती योजिली. पुढच्या जहाजाने मागच्या जहाजाला बरोबर आपल्या पाठीशी ठेवावे आणि मागच्याने पुढच्याला नाकासमोर ठेवावे. अशा रीतीने एकमेकांच्या आधाराने त्यांनी आपली वाट सरळ राखली.

सुई अशी निरुपयोगी का व्हावी? पृथ्वी हा एक प्रचंड चुंबकच आहे. मात्र त्याचे ध्रुव भौगोलिक ध्रुवांपासून दूर असतात. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तेथे मोकळी टांगलेली चुंबकसूची जमिनीला समांतर राहते. उत्तरेकडे जावे, तसे तिचे उत्तर टोक खाली झुकू लागते. आणि उत्तर चुंबकीय ध्रुवावर ती ओळंब्याप्रमाणे सरळ उभी राहते. होकायंत्रातील सुई तर केवळ आडवी फिरू शकते. चुंबकीय बल तेथे नाहीसे होत नाही. परंतु ते सुईला बाजूस न वळविता खालीच ओढते. गाडी पुढून ओढली तर चालते. वरून कितीही दाबली तरी जागची हलत नाही. सुईचीही तीच गत होते.

पॅरीच्या जहाजावर जेम्स क्लार्क रॉस नावाचा १९ वर्षांचा तरुण होता. सुईचे हे मौन त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. पुढे १८२९ मध्ये तो आपला चुलता जॉन रॉस याच्यासमवेत ‘व्हिक्टरी’ जहाजावरून त्याच प्रदेशात गेला. जहाज बर्फात अडकून पडले; पण रॉस स्वस्थ बसला नाही. १८३१ च्या वसंतात तो काही सोबत्यांसह बर्फावरून चुंबकीय ध्रुवाच्या शोधार्थ निघाला. साधे होकायंत्र जेथे मुके होते, तेथे उभ्या पातळीत फिरणारी नतिसूची बोलू लागते, हे तो जाणून होता. १ जून रोजी बूथिया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इनुइट लोकांनी सोडून दिलेल्या हिमघरांत त्याने आपली उपकरणे मांडली. नतिसूचीने ८९ अंश ५९ कला एवढा कोन दाखविला. काटकोनास केवळ एक कला उणी होती! मग त्याने अतिशय नाजूकपणे आडव्या सुया टांगल्या. त्यांपैकी एकही हलली नाही. ज्या स्तब्धतेने पॅरीला पेचात टाकले होते, तीच स्तब्धता रॉसला शोधाची खूण ठरली. तेथे त्याने दगडांची रास रचून ठेवली. ‘व्हिक्टरी’ मात्र बर्फातून सुटली नाही. चार हिवाळे काढल्यानंतर १८३३ मध्ये एका देवमासे पकडणाऱ्या जहाजाने त्या सर्वांना वाचविले.

पुढे १९०३ ते १९०६ या काळात नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेन याने त्याच प्रदेशात निरीक्षणे केली, तेव्हा तो ध्रुव रॉसच्या जागेवरून सरकल्याचे आढळले. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीमुळे तो सतत सरकत असतो. आज तो कॅनडाचा किनारा सोडून आर्क्टिक महासागरात सैबेरियाच्या दिशेने गेला आहे. म्हणून नाविकांसाठी भूचुंबकत्वाचा आराखडा साधारणतः दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. आता कृत्रिम उपग्रह जहाजांना त्यांचे स्थान कळवितात. तरीही होकायंत्राचे महत्त्व संपलेले नाही.

कोणतेही साधन सर्वत्र सारखे उपयोगी पडत नाही. त्याची मर्यादा ओळखणे हेही ज्ञानच होय. सुई थांबली म्हणून पॅरीने प्रवास सोडला नाही; आणि ती का थांबली, हे शोधण्यासाठीच रॉस निघाला.

स्वाध्याय

१. धुक्यात दिशा राखण्यासाठी पॅरीच्या खलाशांनी कोणती युक्ती योजिली?
२. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्र निरुपयोगी का होते? गाडीच्या दृष्टांताच्या आधारे स्पष्ट करा.
३. ‘तीच स्तब्धता रॉसला शोधाची खूण ठरली’, असे का म्हटले आहे?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पेचात टाकणे, नाकासमोर ठेवणे, स्वस्थ न बसणे.