आधी नोकरी, मग जर्मनी

इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर झाला की घरात दोन पक्ष पडतात. मुलं म्हणतात, आत्ताच जायला हवं, सगळे चाललेत. आईवडील म्हणतात, जा बाबा, पण पैशांचं कसं? फ्लॅट गहाण ठेवायचा की गावाकडची जमीन विकायची, इथपर्यंत बोलणी येतात. शिकायला जायचंय की नोकरीला, हे मात्र कोणी विचारत नाही. पुष्कळ घरांत एमएस म्हणजे परदेशी नोकरीचं तिकीट, एवढंच. तसं असेल तर निदान जर्मनीच्या बाबतीत ते काढायची घाई करू नका. दोन वर्षं इथे नोकरी करा, त्याच काळात जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत न्या आणि मग डोक्यावर कर्ज न घेता जा.

तिथे माणसं हवी आहेत, हे खरंच आहे. भारतीयांना दरवर्षी द्यायच्या कुशल कामगार व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार, असं जर्मन सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. पण व्हिसा सरकार देतं आणि नोकरी मालक देतो. मालकाला आपलं मूल का हवंसं वाटावं, याचं उत्तर आपल्याला द्यायचंय.

१ जून २०२४ पासून जर्मनीने अपॉर्च्युनिटी कार्ड सुरू केलं. हातात नोकरी नसताना वर्षभर तिथे राहून ती शोधायची आणि तोवर आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करायचं, अशी ही सोय. त्यासाठी पहिली पायरी म्हणजे 'अनाबिन' या जर्मन सरकारी माहितीसाठ्यात आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधणं. दोन्हींना पूर्ण मान्यता असेल तर गुण मोजावे लागत नाहीत. नसेल तर किमान सहा गुण लागतात.

आता नुकत्याच बी.ई. झालेल्या बावीस वर्षांच्या मुलीचा हिशेब करू. वय पस्तिशीच्या आत, २ गुण. शिक्षण तुटवडा असलेल्या व्यवसायातलं, १. इंग्रजी सी-१ पातळीचं, १. चारवर अडली. हीच मुलगी आपल्याच क्षेत्रात दोन वर्षं नोकरी करून गेली तर आणखी २ आणि बी-१ जर्मनचे २. झाले आठ. गुणांची गरज नसलेल्यांनाही यातून सुटका नाही, कारण मुलाखत घेणारा हाच अनुभव आणि हीच भाषा तपासतो. 'ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात' हे मोठ्या शहरांतल्या काही आयटी कंपन्यांपुरतं खरं असेल. गावाकडच्या मध्यम आकाराच्या यंत्रकारखान्यात मीटिंग जर्मनमध्येच होते, आणि मेकॅनिकलच्या मुलांना कामं अशाच कारखान्यांत असतात.

भाषेबद्दल थोडं कठोर बोलतो. बी-१ ला साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. 'तीन महिन्यांत बी-१' या जाहिराती नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाहीत. शनिवार-रविवारच्या वर्गांना दीड-दोन वर्षं जातात, आणि नेमकी तेवढीच वर्षं आपण नोकरीला देतो आहोत. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आहे. या कष्टांचं फळ पुढेही मिळतं. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, असलेल्याला ए-१ जर्मनवर कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, बी-१ असेल तर २१ महिन्यांनी.

पालकांनी पॅकेज ऐकून हुरळू नये. २०२५ साली तुटवड्याच्या व्यवसायांसाठी आणि नव्या पदवीधरांसाठी ब्लू कार्डाची किमान वेतनमर्यादा वर्षाला सुमारे ४३,७६० युरो होती. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. म्हणजे महिना ३,६५० च्या आसपास. कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेरोजगारी विमा असं सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण २,४०० येतात. त्याला लगेच रुपयांनी गुणायला बसू नका, भाडं युरोतच भरायचंय आणि घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो. पहिले सहा महिने सहसा प्रोबेशनचे असतात. तेवढ्यात काही बिनसलं तर घरी कर्जाचे हप्ते वाट पाहत नाहीत ना, हे महत्त्वाचं.

एमएस करूच नये असं नाही. विषय बदलायचा असेल, संशोधनाची ओढ असेल तर जरूर करा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून २,००० ते ६,००० युरो. शिवाय वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलं जाणारं एपीएस प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ही त्या वाटेची मोठी जमेची बाजू.

खरी अडचण आपल्याकडच्या कन्सल्टन्सीपासून सुरू होते. 'आमची फी शून्य' असं कोणी म्हणालं तर मग दुकान कशावर चालतं, हे त्याला तोंडावर विचारा. बहुतेकदा उत्तर असतं, खासगी कॉलेजांकडून मिळणाऱ्या कमिशनवर. म्हणूनच सरकारी विद्यापीठाचं नाव काढलं की 'तिथे अॅडमिशन कठीण' आणि भरमसाट फीचं खासगी कॉलेज मात्र 'गॅरंटी'. ऑफर लेटर आलं की कॉलेज सरकारी की खासगी, शिकवण्याची भाषा कोणती आणि त्या पदवीची अनाबिनमध्ये काय नोंद आहे, एवढं पालकांनी स्वतः बसून पाहावं. संध्याकाळभराचं काम आहे.

आणि दोन वर्षांनी मुलगी म्हणाली, मला जायचंच नाही, तर? तर तिच्याकडे दोन वर्षांचा पगार, अनुभव आणि बी-१ जर्मन असेल. चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेन्झचे कारखाने आहेत. अर्ज तिथेही करता येतो.