घसारा आणि सवकळि

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पुढच्या आसावर लेख लिहावा, हे संपादकांना थोडे विचित्र वाटले आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. परंतु या लेखाचे मूळ हिशेबाच्या वहीतच आहे. आमच्या घरी चौदा वर्षांची एक पिकअप आहे. वडील तिच्यातून बेळगावच्या बाजारातली भाजी चोर्ला घाटाने गोव्यात पोचवतात, आणि गाडीचा जमाखर्च मी अकरावीपासून लिहितो. गेल्या पावसाळ्यानंतर त्या वहीत एक गोष्ट मला खटकली. पुढचे दोन्ही टायर नवे घालून जेमतेम आठ महिने झाले होते, आणि डाव्या टायरच्या नावे पुन्हा ५,८०० रुपये पडले होते. समोरच्या पानावर मात्र दर महिन्याला 'ग्रीसिंग' अशी नोंद होती. तीन वर्षांत एकही महिना चुकलेला नव्हता. एका पानावर चोख देखभाल आणि दुसऱ्यावर अफाट झीज. ही दोन पाने एकमेकांशी जुळेनात.

झीज या शब्दाविषयी येथे थोडे विषयांतर करतो. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पी.यू.सी.ला हिशेब इंग्रजीतून शिकलो, त्यामुळे 'डिप्रिसिएशन' आधी भेटले आणि 'घसारा' मागाहून. कन्नड माध्यमातून आलेल्या माझ्या मित्राच्या पुस्तकात त्यालाच 'सवकळि' म्हटले आहे. 'सवे' म्हणजे झिजणे. इंग्रजी शब्दाच्या पोटात किंमत आहे, किमतीचे उतरणे आहे. आपल्या दोन्ही शब्दांच्या पोटात घासणे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात भाड्याने चालणाऱ्या मोटारींचे उपयुक्त आयुष्य सहा वर्षे आणि इतर मोटारींचे आठ वर्षे धरले आहे. त्या मापाने आमची गाडी कधीच संपली. पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य, आणि घर तिच्यावर चालते. हा घसारा टक्क्यांचा. दुसरा घसारा खरोखरचा, लोखंडाला लोखंड घासण्याचा, आणि तो नेमका कोठे चालला आहे हे मला ठाऊक नव्हते.

ऑक्टोबरच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर घाटाने गेलो होतो. उतारावर एका वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग हातात थरथरू लागले. गाडी डाव्या अंगाला ओढली गेली. वडिलांनी ती सावरली. पुढे गोव्यात माल उतरेपर्यंत ते काही बोलले नाहीत. परत येताना एवढेच म्हणाले, "काढून टाकूया आता. लई झालं हिचं." विकायला काढली तर येणारी रक्कम फार थोडी होती, आणि नव्या गाडीचा हप्ता म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या प्रवेशाच्या वर्षी नवे ओझे. म्हणून आधी रोग तरी समजून घेऊ, असे मी म्हटले.

आता रचना सांगतो. आमची गाडी जुन्या धाटणीची आहे: पुढे एक अखंड आडवा आस आणि त्यावर दोन्ही बाजूंना पाटे. (पुष्कळशा नव्या गाड्यांत पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि तेथे बॉल जॉइंट असतात, त्यांचे रोग निराळे.) आडवा आस स्वतः वळत नाही. त्याच्या प्रत्येक टोकाला एक उभे भोक असते आणि त्यात अंगठ्याएवढी जाड पोलादी खुंटी बसते. तीच किंग पिन. चाक ज्या तुकड्यावर फिरते त्याला स्टब अॅक्सल म्हणतात. त्याला वर एक आणि खाली एक असे दोन कान असतात व दोन्ही कानांत गनमेटलचे बुश असतात. मध्ये आसाचे टोक, वर-खाली कान, आणि तिन्हींतून आरपार गेलेली पिन. दाराची बिजागरी डोळ्यांपुढे आणली म्हणजे झाले. पिन आसामध्ये कॉटरने पक्की केलेली असते. त्यामुळे स्टीअरिंग फिरवले तरी पिन फिरत नाही, तिच्याभोवती बुश फिरतात. गाडीचे ओझे थ्रस्ट बेअरिंगवर येते. खड्ड्यांचे आणि ब्रेकचे धक्के बुशांना सोसावे लागतात.

चाक पिनेच्या बाहेरच्या अंगाला आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची. ओझे आसावरून खाली येते आणि रस्ता चाकाला खालून वर रेटतो. या दोन जोरांची रेषा एक नाही. बुश घट्ट असतील तोवर काही बिघडत नाही. ते सैल झाले की चाकाचा माथा आत कलतो आणि टायरची आतली कड रस्त्यावर घासू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला टायर नवाच दिसतो. आमच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर नक्षी शाबूत होती आणि आतल्या कडेला धागे दिसत होते. मी रोज त्या गाडीजवळून जात होतो, पण वाकून आत कधी पाहिले नव्हते.

परीक्षा करायला फारशी हत्यारे लागत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना दगड लावावेत, आसाखाली जॅक देऊन पुढचे चाक जमिनीपासून उचलावे, आणि जॅकवर विसंबून न राहता आसाखाली भक्कम स्टँड द्यावा. मग टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावा. तो हलला तर दोष किंग पिनचा असेल किंवा चाकाच्या बेअरिंगचा. दोहोंतला भेद ओळखण्याची युक्ती मेस्त्रींनी मला शिकवली, ती मला फार आवडली. दुसऱ्याला ब्रेकचा पेडल दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवून पाहावे. ब्रेकमुळे ड्रम आणि स्टब अॅक्सल एकजीव होतात, तेव्हा हालचाल थांबली तर बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंग पिन. आमची तशीच राहिली. उजवीकडे जरासा खडखडाट, डावीकडे मात्र चाक डोळ्यांना दिसेल इतके डुलत होते. टायर डाव्या-उजव्या अंगांना धरून हलवला की टाय रॉड एंडचा सैलपणा कळतो. तोही डावीकडे सापडला.

वडिलांना हे पटेना. "दर महिन्याला मी समोर उभा राहून ग्रीस मारून घेतोय," ते म्हणाले. मेस्त्री काही न बोलता कामाला लागले. त्यांनी आधी कॉटर काढला. (काही जण तो न काढताच पिनेवर घण घालतात आणि आसाचे भोक बिघडवून ठेवतात.) डावी पिन घणाला दाद देईना. शेवटी आस उतरवून उद्यमबागेतल्या एका प्रेसवर न्यावा लागला. बेळगाव हे फौंड्रीचे आणि लेथचे गाव आहे, हे मी भूगोलाच्या पेपरात अनेकदा लिहिले होते. त्याचा उपयोग त्या दिवशी झाला. पिन निघाली तेव्हा खालच्या बुशातून लाल गंजाची भुकटी पडली. मेस्त्रींनी ती बोटावर घेऊन वडिलांना दाखवली आणि म्हणाले, "ग्रीस ओळग होगिल्ल." ग्रीस आत गेलेलेच नाही.

कारण पाहिले तेव्हा मी थक्क झालो. बुशाच्या अंगाला एक लहान भोक असते. निप्पलमधून आलेले ग्रीस त्या भोकातून आत शिरते आणि आतल्या खाचेतून पिनेभोवती पसरते. बुश ठोकून बसवताना हे भोक निप्पलच्या वाटेसमोर आले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात किंग पिनचे काम झाले होते, तेव्हा डाव्या खालच्या बुशाचे भोक पाव फेरा बाजूला राहिले होते. निप्पलच्या समोर गनमेटलची भिंत होती. दर महिन्याला ग्रीस त्या भिंतीपर्यंत जाई आणि मागे फिरून गनच्या तोंडाभोवती साचे. निप्पलवर ग्रीसचा गोळा दिसला की मारणारा, पाहणारा आणि वहीत लिहिणारा असे आम्ही तिघेही समाधानी.

लेखापरीक्षणाच्या तासाला आम्हांला शिकवतात की पावती पाहणे वेगळे आणि माल गोदामात जाऊन मोजणे वेगळे. माझ्याकडे छत्तीस नोंदी होत्या आणि आत थेंब नव्हता. वडील त्या बुशाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "म्हणजे माझ्या चालवण्याचा दोष नव्हता तर." इतके दिवस ते स्वतःलाच बोल लावत होते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

नवे बुश बसवताना मेस्त्रींनी प्रत्येक भोकातून तार घालून वाट मोकळी असल्याची खात्री केली. बुश बसले तरी पिन लगेच जात नाही. ते आतून रीमरने मापाला आणावे लागतात. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत कापायचे. वेगवेगळे कापले तर प्रत्येकी माप बरोबर येते, पण दोघांचा मध्य एक राहत नाही आणि पिन अडते. अशा वेळी काही ठिकाणी पॉलिश पेपरने घासून जागा करतात. मग नवे काम पहिल्या दिवसापासूनच सैल. बरोबर झालेल्या कामात तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकते आणि आत डुलत नाही. आसाची भोके सुदैवाने शाबूत होती. उजवी बाजू कमी झिजली होती तरी तीही त्याच वेळी केली, कारण एक चाक घट्ट आणि दुसरे सैल असले तर गाडी पुन्हा ओढणार. शिवाय मजुरीचा मोठा भाग खोलण्या-जोडण्याचा असतो, तो दोनदा कशाला द्यायचा?

बाकीची कामे थोडक्यात सांगतो. टाय रॉड एंड बदलले. पाट्याच्या शॅकलचे बुश बदलले. ओझ्याने पाटा सपाट होतो तेव्हा त्याची लांबी वाढते, ती सामावून घेण्यासाठी शॅकल झुलतो, आणि त्याचे बुश गेले की प्रत्येक खड्ड्यात ठोका ऐकू येतो. यू बोल्ट नवे घातले व काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळून घेतले. ते ढिले राहिले तर मधला सेंटर बोल्ट तुटून आस एका अंगाला सरकतो. वडिलांचा एक पाटा वाढवण्याचा विचार होता. मेस्त्रींनी नको म्हटले आणि मीही त्यांचीच बाजू घेतली: जादा पाट्याने गाडी वाकत नाही म्हणून जादा माल भरला जातो, आणि तो माल बुश, बेअरिंग व ब्रेक यांनाच सोसावा लागतो. शेवटी अलाइनमेंट. सांधे बदलल्यावर चाकांचा टो-इन बदलतो. तो न तपासता नवा टायर घालणे म्हणजे पहिल्या पानावर परत येणे.

एकंदर खर्च ११,४०० रुपये आणि चार दिवस गाडी उभी. हा खर्च महसुली की भांडवली, असा प्रश्न मी वर्गात विचारला. गाडी पूर्वस्थितीवर आली, तिची क्षमता वाढली नाही, म्हणून महसुली, असे उत्तर मिळाले आणि ते बरोबर आहे. पाटा वाढवला असता तर काय, या उपप्रश्नावर मात्र दोन प्राध्यापकांत मतभेद झाला, तो अद्याप मिटलेला नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. या वेळच्या तपासणीत पुढच्या चाकांवर शेरा आला नाही. गाडी विकण्याची गोष्ट पुन्हा निघालेली नाही.

जुन्या छत्तीस नोंदी मी खोडलेल्या नाहीत. ग्रीसिंगच्या पानावर एक रकाना मात्र वाढवला आहे. निप्पलवर गोळा दिसला एवढ्याने आता भागत नाही. आतले जुने, काळे ग्रीस कानाच्या सांध्यातून बाहेर येऊन त्यामागून नवे डोकावेपर्यंत वडील गन सोडू देत नाहीत. वर, खाली, डावे, उजवे अशा चारही ठिकाणी ते दिसले की मला हाक मारतात, आणि मी चार खुणा करतो. गेल्या महिन्यात उजव्या वरच्या सांध्यातून आले नाही. निप्पल बदलला, मग आले. तो आठ रुपयांना पडला.