धम्मपाठ : कोयत्याच्या हिशेबात बाईचे नाव



राजगृहात सिगाल नावाचा एक तरुण गृहस्थ होता. रोज पहाटे स्नान करून ओलेत्यानेच तो सहा दिशांना हात जोडीत असे. बापाने मरताना तसे सांगितले होते, एवढेच त्याला ठाऊक. भगवान बुद्धांनी त्याची थट्टा केली नाही. खऱ्या दिशा कोणत्या ते सांगितले. आईवडील पूर्व, गुरुजन दक्षिण, पत्नी पश्चिम, मित्र उत्तर, श्रमण वर, आणि खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसे. दीघनिकायातील या सिगालोवाद सुत्तातल्या दोनच दिशा आज घेऊ, पश्चिम आणि खालची. गेवराई तालुक्यातल्या उमापूरकडून ऊसतोडीला जाणारी आपली भगिनी या दोन्ही दिशांना एकदम उभी असते. घरात ती पत्नी, फडात ती मजूर.

ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकटे माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. उचल मिळते ती जोडीला, पण मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे आणि पैसेही त्याच्याच हातात. ती पहाटे तीन-चारला उठते, कोपीत भाकऱ्या थापते, पाणी आणते, मग फडात जाते. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री. खाडा पडला की पैसे कापले जातात, मग पाळी असो की ताप. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही. अंधारात शेताकडे जाताना कोण कुठे उभा असेल, ही धास्ती तिला एकटीलाच असते.

याचा परिणाम आपल्याच जिल्ह्यात मोजला गेला आहे. पिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात निघाला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहा जणींमागे जवळजवळ एक! दर महिन्याचा खाडा टळावा, अंगावरचे दुखणे एकदाचे संपावे, म्हणून तरण्या बाईने पिशवी काढून टाकायची, याला दुखण्यावरचा इलाज कसे म्हणावे?

आता सुत्ताकडे वळू. राबणाऱ्यांविषयी तथागतांनी मालकाला पाच कर्तव्ये सांगितली. ताकद पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश खाड्याच्या रिवाजाशी ताडून पाहावा. पत्नीविषयीही पाच कर्तव्ये आहेत. त्यांत तिचा मान राखणे, अवहेलना न करणे आणि घरातला अधिकार तिच्या हाती देणे ही येतात. अधिकार देणे यात हिशेब आलाच. नुसत्या किल्ल्या देऊन भागत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न कायद्याच्या दारात नेला. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. त्यांचे म्हणणे साधे होते: बायका कामाला लावण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यांच्या विश्रांतीच्या भारातला वाटा त्यानेही उचलावा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हायला सांगितले.

छळाविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे. कचेरीतल्या बाईपुरता तो नाही. फडातल्या मजूर बाईलाही तो लागू आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणे समितीवर बंधनकारक आहे, आणि बाईचे नाव जाहीर करता येत नाही. मात्र एक अडचण ध्यानात घ्यावी. समिती त्या त्या जिल्ह्यापुरती असते. छळ कोल्हापूरकडच्या फडात झाला आणि "गावी गेल्यावर बघू" म्हणत पट्टा पडेपर्यंत थांबले, तर मुदत हातची जाते. म्हणून तिथेच बोलले पाहिजे. गुन्हा गंभीर असेल तर कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. तो कुठल्या हद्दीत घडला हे आड येत नाही.

पण बोलायचे कोणी? बहुधा नवराच म्हणतो, "गप बस, उचल फिटायची आहे." इथे आपली पश्चिम दिशा रिकामी पडते. वंदना पाठ असलेल्या घरांतही असे घडते, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे.

काही उपासक विचारतात, एकाच चुलीवर जेवणाऱ्यांनी हिशेब वेगळा कशाला मांडावा? मुकादमाशी बोलणी होतात तेव्हा बाई ओसरीवर नसते, आत चहा करीत असते. यंदा तिला बाहेर बसवावे. वहीत दोन नावे लिहून घ्यावीत आणि उचलीतला तिचा वाटा तिच्या खात्यावर मागावा. खाड्याचे काय, कोपीजवळ संडास आहे की नाही, आजारी पडल्यास गाडीभाडे कोण देणार, हे तिनेच विचारावे. मुकादम हसेल. नवऱ्याने त्याच्याबरोबर हसू नये.