औषधांची नोंद : हिशेबाची आणि जिवाचीही

रुग्णालयास भेट देणारे हितचिंतक शस्त्रक्रियागृह पाहतात, अतिदक्षता विभाग पाहतात. औषधभांडाराच्या खिडकीपाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. वस्तुतः रुग्णास दिली जाणारी बहुतेक औषधे याच खिडकीतून जातात. म्हणून या विभागाची कार्यपद्धती आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

औषधातील दोष डोळ्यांना दिसत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषधखरेदीपासून सरकारी तपासणीपर्यंतची हेळसांड उजेडात आली. पुढे २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात याच रसायनाने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे बळी घेतले. दोन घटनांत सुमारे चाळीस वर्षांचे अंतर असले, तरी बोध एकच आहे. औषध कोठून आले आणि कोणास दिले, याची नोंद असलीच पाहिजे.

रुग्णालयाच्या औषधभांडारात प्रत्येक औषधाचे रासायनिक पृथक्करण करता येत नाही. आमच्या हाती असते ती खरेदीतील आणि नोंदीतील शिस्त. औषधे परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पक्क्या बिलाने घेतली जातात. माल येताच बिलावरील बॅच क्रमांक व मुदत वेष्टनाशी ताडून पाहिली जाते. एका वेळी एकत्र तयार झालेल्या मालास उत्पादक एक बॅच क्रमांक देतो. त्यात दोष आढळल्यास त्याच क्रमांकाचा साठा परत मागविला जातो. नोंद असेल, तर शिल्लक माल तत्काळ बाजूला काढता येतो आणि ज्यांना तो दिला त्या रुग्णांपर्यंतही पोहोचता येते. नोंद नसेल, तर सारेच अंधारात.

इन्सुलिनचा साठा आणि बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले, तरी वापरता येत नाही. म्हणून शीतकपाटाचे तापमान नियमित नोंदविणे आणि वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था असणे आवश्यक ठरते. काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व झोपेच्या गोळ्या ‘एच-१’ या अनुसूचीत मोडतात. २०१४ पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे कायद्याने बंधनकारक आहे.

या व्यवस्थेस खर्च येतो, आणि वेळही लागतो. सर्वांत कमी दर देणाऱ्याकडूनच औषधे का घेत नाही, असा प्रश्न काही देणगीदार आपुलकीने विचारतात. धर्मादाय संस्थेने पै-पैचा हिशेब ठेवावा, हे आम्हांसही मान्य आहे. मात्र दराची तुलना परवाना आणि पक्के बिल पाहिल्यानंतरच करता येते. घरी उरलेली औषधे गरीब रुग्णांसाठी आणून देणाऱ्यांचा हेतू उदात्त असतो; परंतु ती कशी साठविली गेली हे कळण्यास मार्ग नसल्याने आम्ही ती नम्रपणे नाकारतो. गरीब रुग्णाच्या औषधाची कसोटी वेगळी असू शकत नाही.

रुग्णांच्या आप्तांना एवढीच विनंती, की पावती अवश्य घ्यावी, तीवरील बॅच क्रमांक वेष्टनाशी जुळतो का ते पाहावे आणि औषध संपल्यावरही ती काही काळ जपून ठेवावी. औषधनिर्मात्याने चिठ्ठी पुन्हा वाचली, नाव व मात्रा विचारली, किंवा डॉक्टरांना दूरध्वनी केला, तर तो विलंब मानू नये. ती रुग्णाच्या जिवाची काळजी आहे.