बेडरूममध्ये जंगल नको, नागपूरची रात्र येऊ द्या

नागपुरात झोपायच्या खोलीत निसर्ग आणायचा असेल, तर रंग आणि झाडं नंतर ठरवा. आधी बघा, दुपारी चार वाजता त्या खोलीच्या कुठल्या भिंतीवर ऊन असतं. मला हे एका अतिशय देखण्या खोलीने शिकवलं.

मनीषनगरकडचा आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. आधीच्या मालकांनी मोठी बेडरूम हौसेने सजवून घेतली होती. पलंगामागच्या अख्ख्या भिंतीवर जंगलाचं छापील चित्र, वर फॉल्स सीलिंगमध्ये निळं आभाळ आणि त्यामागे पांढरे एलईडी, कोपऱ्यात पंपावर चालणारा छोटा धबधबा, लाकडासारख्या लॅमिनेटची कपाटं, खिडकीत मनीप्लांटच्या बाटल्या. सासूबाई आत पाऊल टाकताच म्हणाल्या, "किती गार वाटते गं इथं!" फेब्रुवारीत ते खरंही होतं.

मे उजाडला. नवतपा लागायच्या आधीच त्या खोलीत रात्री अकराला भिंतीला हात लावला की चटका जाणवायचा. पंखा वरच्या स्लॅबची ऊब खाली ढकलत राहायचा. धबधबा चालू ठेवला की हवा चिकट व्हायची. सासूबाईंनी शेवटी आपली गादी हॉलमध्ये नेली. त्यांचं रक्तदाबाचं दुखणं जुनं, त्यात रात्र रात्र डोळा लागेना. ते बघून माझा जीव खालीवर व्हायचा.

गच्चीच्या कामाला आलेल्या मिस्त्रींनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "ताई, हे भिंत पश्चिमेची आहे. दिवसभर ऊन पेते अन् रातभर ओकते. पहिले तिचं पाहा, मंग चित्राचं."

सगळं मर्म यात आहे. विटांच्या भिंतीतून दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणजे ती नेमकी आपल्या झोपायच्या वेळी तापते. काँक्रीटचा स्लॅबही दिवसा साठवलेली उष्णता रात्री सोडतो. इकडे झोप लागताना शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरावं लागतं आणि ती उष्णता कातडीवाटे, तळहात-तळपायांवाटे बाहेर पडावी लागते. भोवतालची भिंत, छत आणि गादी तिन्ही तापलेली असली तर ती जाणार कुठे? भिंतीवर कितीही हिरवी पानं छापली तरी शरीर फसत नाही.

जुन्या नागपूरकरांना हे पाठ होतं. महाल-इतवारीत काय किंवा धरमपेठेतल्या बैठ्या घरांत काय, उन्हाळ्यात दिवस कलला की गच्चीवर पाणी मारायचं आणि मग बाजा टाकायच्या. विदर्भातली उन्हाळ्याची हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे उघड्यावर उष्णता लवकर निघून जाते. विणलेल्या बाजेखालून वारा खेळतो. आज गच्चीवर झोपणं प्रत्येकाला जमणार नाही, पण त्यामागची रीत बंद खोलीतही पाळता येते.

आम्ही आधी गच्चीवर चुन्याचा पांढरा थर दिला. छतात सगळ्यात मोठा फरक यानेच पडला, आणि खर्च त्या सीलिंगच्या मानाने किरकोळ. पश्चिमेच्या खिडकीवर बांबूची चिक टांगली, पण बाहेरच्या बाजूने. हे बारकाईने लक्षात ठेवा. ऊन एकदा काचेतून आत आलं की जाड पडदासुद्धा ते बाहेर घालवू शकत नाही. पलंग त्या भिंतीपासून हलवला. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या जाळी लावून उघडायच्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायच्या, हा नेम केला. बैठं घर असेल आणि जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब लावा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि कडक ऊन पडेपर्यंत नव्या पालवीने भरून येतो. आपल्या हवेसाठी याहून चांगला पडदा मला माहीत नाही.

कूलरबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण खोलीत खराखुरा निसर्ग आणणारं यंत्र तेच. वाळ्याच्या ताट्या, पाणी आणि कोरडी हवा, एवढ्यावर ते चालतं. पण कूलर लावून खोली गच्च बंद केली तर ओल आतच कोंडते आणि अंग चिकचिकतं. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. पाऊस सुरू झाला की हवेतच ओल असते, मग ताट्यांचा उपयोग संपतो. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा.

आणि डासांचं विसरू नका. पावसाळ्यात घरोघर तपासणीला आलेल्या ताईंनी आमच्या मनीप्लांटच्या बाटलीत अळ्या दाखवल्या, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा नुकताच डेंगीने आजारी पडला होता. डेंगीचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली, शोभेचं कारंजं, सगळं त्याला चालतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा. नुसतं पाणी फेकू नका, कडा घासून काढा. चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात. धबधबा आम्ही काढूनच टाकला.

झाडं हवा शुद्ध करतात म्हणून बेडरूम कुंड्यांनी भरणाऱ्यांना एक सांगते. ही समजूत 1989च्या नासाच्या प्रयोगांवरून पसरली, पण ते प्रयोग हवाबंद पेटीतले होते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019मध्ये असे अनेक प्रयोग तपासले. साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरं, पण ऑक्सिजन तयार करायला त्यालाही उजेड लागतो. मग झाड ठेवूच नये का? ठेवा, एखादं. डोळ्यांना बरं वाटतं, तेवढं पुरे. हवेसाठी खिडकी आहे.

लॅमिनेटच्या कपाटांचा त्रास वेगळा होता. प्लायच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड निघतो, आणि उष्णता-दमटपणा वाढला की जास्त निघतो. मेमध्ये बंद खोलीत डोळे चुरचुरायचे ते त्यामुळे असावं. नवं फर्निचर करणार असाल तर झोपायच्या खोलीत कमीत कमी प्लाय, जमलं तर जुना साग, आणि काम झाल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या.

सीलिंगमधलं ते निळं आभाळ रात्री कधीच मावळत नव्हतं. डोळ्यांतल्या काही पेशी निळसर उजेडाने मेंदूला दिवस असल्याचा निरोप देतात आणि मेलाटोनिन उशिरा पाझरतं. आता संध्याकाळनंतर खोलीत एकच पिवळा, खाली लावलेला दिवा असतो. पहाटेचा उजेड मात्र अडवत नाही. मेमध्ये कोकीळ चारलाच सुरू होतो, पण त्याची तक्रार अजून घरात कुणी केलेली नाही.

गादी-चादर हा आपल्या मुलखाचाच विषय. कापसाच्या प्रदेशात राहून आपण चकचकीत पॉलिस्टरवर झोपतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. याच शहरात 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती भोवतालच्या कापसाच्या भरवशावर. सुती चादर घाम शोषते आणि वाळतेही. पिंजलेल्या कापसाची गादी अधूनमधून उन्हात टाकता येते. फोमची गादी ऊब धरून ठेवते. सासूबाईंची ती बदलली तेव्हा त्या हॉलमधून परत आल्या.

नजरेसमोर काय हवं, यावर एक जुना अभ्यास आहे. रॉजर उलरिक यांनी 1984मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. आमच्या उत्तरेच्या खिडकीतून शेजारच्या आवारातला कडुनिंब दिसतो. पलंगाची दिशा आम्ही त्याच्याकडे केली आणि छापील जंगल खरवडून भिंत साध्या चुन्याची ठेवली.

भाड्याच्या घरात गच्ची आणि झाड आपल्या हातात नसतं. तरी पलंग भिंतीपासून हातभर ओढता येतो, चिक बाहेरून टांगता येते, दिवे आणि चादरी बदलता येतात. एवढं करूनही कुणी जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल किंवा दिवसा पेंगत असेल, तर खोलीवर आणखी पैसा घालू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.