घर घेताना बहिणींच्या सह्या पाहा

मोहरमला पुण्या-मुंबईची नगरकर मंडळी गावी येतात. कोठल्याच्या सवाऱ्या पाहायच्या, नातेवाइकांकडे शरबत प्यायचे आणि दोन दिवसांत परत. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी, जामखेड इथे ईदला आणि मे महिन्याच्या लग्नसराईत हेच चालते. मोहल्ल्यातील जुन्या घरांचे बरेचसे सौदे याच दिवसांत ठरतात असे आम्ही पाहत आलो आहोत. भाऊ-भाऊ एकत्र आलेले असतात. घेणारा ओळखीचा, बहुधा शेजारीच. बैठक बसते, चहा होतो, इसार दिला जातो आणि पाचशेच्या मुद्रांकावर (२०२४ पर्यंत शंभराच्या) नोटरीसमोर सह्या होतात. बहिणी त्या वेळी आत स्वयंपाकघरात असतात. त्यांना कोणी बाहेर बोलावीत नाही.

आजच्या लेखाचा विषय या बहिणी आहेत. त्यांच्या हक्काबद्दल जुम्याच्या बयानात आपण ऐकतोच. हे व्यापाराचे पान आहे, म्हणून आम्ही घर घेणाऱ्याच्या पैशाच्या बाजूने बोलणार आहोत. बहिणींचा हिस्सा बुडाला तर नुकसान त्यांचे होते हे खरे, पण कायदा जागा झाला की पहिला हात घेणाऱ्याच्या मानेवर पडतो.

हिशेब करून पाहू. समजा, घराचे मालक मरहूम झाले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. कर्ज फेडून झाले आहे, आईवडील आधीच गेलेले आहेत. घराची किंमत ३२ लाख रुपये. मुले असल्यामुळे पत्नीचा हिस्सा आठवा, म्हणजे ४ लाख. उरलेले २८ लाख मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात वाटायचे. दोन मुलांचे चार भाग, तीन मुलींचे तीन, मिळून सात. प्रत्येक मुलगी ४ लाख, प्रत्येक मुलगा ८ लाख. आता घेणाऱ्याने दोघा भावांना ३२ लाख मोजले आणि सह्या फक्त त्या दोघांच्या घेतल्या, तर त्याने विकत काय घेतले? १६ लाखांचे घर. आईनेही सही केली असेल तर २० लाखांचे. बाकीचा हिस्सा बहिणींचाच राहिला, कारण जे आपले नाही ते भावांना विकता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाने अशा राहत्या घरात त्रयस्थ खरेदीदाराला बाकीच्यांसोबत संयुक्त ताबाही मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावावा आणि तारखा मोजीत बसावे.

यावर नेहमी एक उत्तर मिळते: "पण उताऱ्यावर तर भावांचीच नावे आहेत!" इथेच आपली माणसे फसतात. सातबारा काय, सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक काय, या महसुली नोंदी आहेत. वारस नोंद करताना बहिणींची नावे गाळली म्हणून त्यांचा हक्क जात नाही. मुस्लिम कायद्यात माणसाने शेवटचा श्वास घेतला त्याच क्षणी वारसांचे हिस्से ठरलेले असतात, नोंद मागाहून होते. नगरपालिकेची घरपट्टी किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांचे वजन तर त्याहून कमी. कर कोणाकडून वसूल करायचा एवढेच त्या कागदाला माहीत असते. वीस वर्षे बहिणीने काही मागितले नाही, आता मुदत गेली, असेही कोणी सांगेल. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांचा ताबा समजला जातो. भावाने तिचा हक्क उघडपणे नाकारला आणि तिला ते कळले हे सिद्ध होईपर्यंत बारा वर्षांची मुदत मोजायला सुरुवातच होत नाही.

बहीण हयात नसेल तर काम आणखी वाढते. तिचा हिस्सा माहेरी परत येत नाही, तो तिच्या वारसांकडे जातो. मुले असतील तर नवऱ्याला चौथा हिस्सा आणि बाकी मुलांना. म्हणजे भिवंडीला राहणाऱ्या मेहुण्याची आणि भाच्यांचीही सही लागली. त्यात एखादा भाचा अज्ञान असेल तर फार जपून. आपल्याकडे समज असा की बाप नसेल तर मुलांच्या वतीने आई सही करते. आपल्या कायद्यात अज्ञान मुलाच्या स्थावर मालमत्तेचे पालक म्हणजे बाप, बापाने नेमलेला, त्यानंतर आजोबा आणि आजोबांनी नेमलेला. आई, चाचा, मामा, मोठा भाऊ यांनी केलेली विक्री मुलावर बंधनकारक नाही. त्यांना १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी आणावी लागते. वेळ लागतो, वकिलाची फी लागते. पण विधवा बाई आणि तीन लहान मुले असलेले घर कोणी "घाईत, स्वस्तात" देत असेल, तर ही परवानगी पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सगळे वारस विक्रेते म्हणून खरेदीखतात आले पाहिजेत आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम त्याच्याच खात्यात गेली पाहिजे. बहिणीचा धनादेश भावाच्या हातात देऊ नये, तिच्या नावाचा तिला द्यावा. खरोखरच तिला हिस्सा नको असेल तर तिने भावाच्या लाभात हक्कसोडपत्र करून द्यावे, पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले हवे. "आपाने तोंडी माफ केले आहे" हे वाक्य मोहल्ल्यात चालते, कोर्टात चालत नाही. आणि आमचा अनुभव विचाराल तर, आपाला वेगळे बसवून विचारले की पुष्कळदा कळते, तिला कोणी विचारलेलेच नव्हते.

कोणी हिब्याचा कागद दाखवील. हिबा तोंडीही होतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी प्रकरणात हे पुन्हा मान्य केले आहे. मात्र देणे, स्वीकारणे आणि ताबा देणे या तिन्ही गोष्टी झालेल्या हव्यात. ताब्याची बाजू नीट तपासावी, भांडण बहुतेक तिथेच निघते. वसीयतनामा दाखवला तर लक्षात ठेवा, एकतृतीयांशापलीकडे वसीयत वारसांच्या संमतीशिवाय लागू होत नाही. सुन्नी कायद्यात एका वारसाच्या नावे केलेल्या वसीयतीलाही बाकीच्यांची संमती लागते, आणि ती करणाऱ्याच्या मृत्यूनंतरची.

नोटरीच्या कागदाबद्दल थोडेच बोलू. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखत, ताबापावती, कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात ठासून सांगितले. नोंदणीची फी किमतीच्या एक टक्का, पण ३० हजारांपेक्षा जास्त नाही. मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे वेगळे पडते. २०२१ पासून राहते घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास त्यात एक टक्क्याची सूट आहे. ३२ लाखांवर ३२ हजार वाचले. ज्यांच्या डोक्यावर मेहेरची रक्कम बाकी आहे त्यांनी याचा विचार जरूर करावा.

नाव कोणाचे घालायचे

घेणाऱ्याच्या घरातली गोष्टही याच हिशेबाची आहे. आपल्या कारागीर कुटुंबात, मग ते बागवान असोत की मणियार, पिंजारी, कुरेशी, दोन-तीन मुले बापाच्या दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये राबतात. गल्ला एक, खर्च एक. पंधरा वर्षांनी घर होते आणि अदबीने ते अब्बांच्या नावावर घेतले जाते. आपल्याकडे जन्माने हक्क नाही, एकत्र कुटुंबाची मालमत्ता अशी गोष्ट नाही. घर अब्बांचे झाले, आणि उद्या त्यांच्या पश्चात ते सर्व वारसांत वरच्या हिशेबाने जाणार. ज्या मुलाने वेल्डिंगच्या ठिणग्या झेलून हप्ते भरले त्याला आणि जो दुबईला गेला त्याला सारखेच. त्या वेळी मोठा मुलगा बहिणींवर चिडतो. बहिणींचा यात काय दोष? दस्त करतानाच ज्याचे पैसे त्याचे नाव, आणि प्रत्येकाचा हिस्सा अपूर्णांकात लिहिला असता तर हे टळले असते. अब्बांची अदब वेगळ्या प्रकारे राखता येते.

शहराबाहेरचा गुंठा

जुन्या मोहल्ल्यात जागा उरली नाही. नगरला मुकुंदनगर भरले, झेंडीगेटच्या गल्ल्यांत मोटारसायकल वळत नाही. म्हणून लोक बाहेर एक-दोन गुंठे पाहतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहेतीस बाय तेहेतीस. दलाल शेतात चुना टाकून ते दाखवतो आणि रस्ताही चुन्याचाच असतो.

पहिला प्रश्न विचारावा: जमीन बिनशेती झाली आहे का आणि रेखांकन मंजूर आहे का? शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. आपल्यातील किती कारागिरांच्या घरात सातबारा आहे? दुसरी अडचण तुकडेबंदीची. २०२३ च्या अधिसूचनेने बागायत १० आणि जिरायत २० गुंठ्यांची किमान मर्यादा ठेवली. तिच्यातून पळवाट म्हणून अकरा जण मिळून अकरा गुंठे सामायिक घेतात. मग उताऱ्यावर अकरा नावे, कोणाचा गुंठा कोणता ते कागदावर कुठेच नाही, बांधकाम परवाना नाही, बँकेचे कर्ज नाही. त्यातला एक जण मरहूम झाला की त्याच्या सात वारसांची नावे आणखी चढली. २०२५ च्या नोव्हेंबरात शासनाने अध्यादेश काढून १५ ऑक्टोबर २०२४ पूर्वीचे तुकड्यांचे व्यवहार, शहरी आणि नियोजित क्षेत्रापुरते, शुल्क न घेता नियमित करण्याची वाट मोकळी केली. जुने अडकलेले आहेत त्यांनी तहसीलमध्ये चौकशी करावी. पण याच्या भरवशावर आज नवा गुंठा घेऊ नये. तारीख उलटून गेलेली आहे, आणि तुकड्याचा दोष गेला तरी विकणाऱ्याच्या बहिणींच्या सहीचा प्रश्न शेतातही तसाच उभा राहतो.

सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिले असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. देवस्थान इनाम असेल तर हात लावू नये.

वक्फबद्दल नगरकरांनी जास्तच सावध असावे. हे शहर १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवले. दर्गे, मशिदी, कबरस्ताने आणि त्यांना लावून दिलेल्या जमिनी जिल्हाभर आहेत. दर्ग्याच्या भिंतीला लागून चाळीस वर्षे राहणारा माणूस आपले "घर" विकायला काढतो, सोबत मुतवल्लीची पावती. ती भाड्याची पावती आहे. २०१३ च्या दुरुस्तीपासून वक्फ मालमत्तेची विक्री, बक्षीस, गहाण, अदलाबदल सगळेच बंद आहे. तिथे पैसे देणाऱ्याला ना घर मिळते ना सवाब. भिंगारच्या छावणी हद्दीतही जपावे. तेथे जुन्या अनुदानावरच्या जागेत बांधकाम तुमचे असले तरी जमीन संरक्षण खात्याची राहते.

फ्लॅट घेणाऱ्यांनी रेराचा नोंदणी क्रमांक मागावा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर रेराची नोंदणी लागत नाही, आणि आपल्या तालुक्याच्या गावांतल्या बऱ्याच इमारती चार गुंठ्यांवरच्या म्हणजे या मर्यादेच्या आतल्याच असतात. तिथे बिल्डरच्या मालकीचे कागद आणि मंजूर नकाशा आपणच तपासायचा.

पैशाविषयी दोन गोष्टी. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो आणि देणाऱ्याकडे पुरावा राहत नाही. आणि घरासाठी साठवलेली रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये. २०२३ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा ठेवीदारांची काय धावपळ झाली ते जिल्ह्याने पाहिले आहे. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतील ठेवीला तोही नाही. व्याज टाळणाऱ्यांनी विक्रेत्याशीच हप्ते ठरवावेत, पण ते हप्ते खरेदीखतात लिहिलेले असावेत, वहीत नव्हे.

इसार देण्यापूर्वी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि मोहल्ल्यातील एखाद्या वृद्ध बाईला या घरच्या मुली किती, कुठे दिल्या, एवढे विचारावे. वंशावळ तिच्याइतकी अचूक कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. दस्त नोंदल्यावर सूची क्रमांक दोनची प्रत घेऊन तलाठी किंवा सिटी सर्व्हे कार्यालयात फेरफारासाठी द्यावी. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, त्यानंतर नोंद प्रमाणित होते. जुन्या कागदावर अहमदनगर आणि नव्यावर अहिल्यानगर दिसले तर घाबरू नये. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले, त्याने जुना दस्त बाद होत नाही. नवा उतारा हाती आला की त्यातले आपले नाव, क्षेत्र आणि गट किंवा सर्व्हे नंबर दस्ताशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. शेख, सय्यद, पठाण यांच्या नावांच्या चुका आपल्याकडे फार होतात, आणि त्या लगेच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्याव्यात.