चौल-रेवदंडा : सुपारीच्या वाड्यांत दडलेलं बंदर

अलिबागच्या दक्षिणेला, साधारण सतरा किलोमीटरवर चौल आणि रेवदंडा लागतात. बहुतेक गाड्या इथं न थांबता मुरुडकडे निघून जातात. खरं तर हे कोकणातलं एक फार जुनं बंदर. अरब प्रवासी अल मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं येऊन गेला. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन हिंदुस्थानात उतरला तोही इथंच. रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. त्या बंदराचं शहर आता नारळी-पोफळीखाली विखुरलंय. म्हणून गाडी एका जागी लावावी आणि पायी फिरावं.

मुंबईहून मांडव्यापर्यंत बोट, पुढे अलिबाग आणि तिथून एसटी किंवा रिक्षा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो किंवा पेणमार्गे रस्ता.

सुरुवात रेवदंड्यापासून करा, तीही सकाळी लवकर. इथला रस्ताच पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. आत लोकांची घरं आहेत, वाड्या आहेत आणि त्यांच्यामधूनच सातखणी मनोरा वर येतो. नावाप्रमाणे सात मजले होते, आता चारच उभे आहेत. तळाशी उभं राहून वर पाहिलं की मधले तक्तपोशीचे मजले गेलेले दिसतात आणि चारी भिंतींच्या चौकटीत आकाश दिसतं. मनोऱ्याजवळ तोफा पडल्या आहेत. समुद्राकडचा तट ओहोटीलाच नीट पाहता येतो, त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. चर्चचे अवशेष वाड्यांच्या आत आहेत. कुंपण ओलांडण्याआधी मालकाला हाक मारा. बहुतेक जण स्वतःच वाट दाखवतात.

मग चौल. रामेश्वर मंदिर चुकवू नये. समोर पोखरण आहे आणि मंडपात पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं झाकून ठेवलेली आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची इथली रीत. जुन्या हमामखान्याची पडकी वास्तूही शोधून बघा. पाटी दिसेलच असं नाही, गावात विचारावं लागतं. एवढ्या महत्त्वाच्या वास्तूभोवती झाडी माजू द्यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारचं ऊन टाळून दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढा. वरून वाड्या, खाडी आणि पलीकडचा कोर्लईचा किल्ला एका नजरेत येतो आणि हे बंदर इथंच का वसलं ते कळतं. मार्गशीर्षात दत्तजयंतीची पाच दिवसांची यात्रा असते. तेव्हा मजा मोठी, पण अवशेष निवांत बघायचे असतील तर ते दिवस सोडून या.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. 1594 साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतलेला हा किल्ला समुद्रात घुसलेल्या लांब सोंडेवर आहे. पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची भाषा बोलतात. चढ तासाभराच्या आतला, पण सावली जवळजवळ नाही आणि वर दुकानही नाही. पाणी खालूनच घ्या. तिन्ही ठिकाणं एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका. रेवदंड्यात मुक्काम करा आणि कोर्लई दुसऱ्या दिवशी सकाळी गाठा.